सहा सुताची खाच

५ नोव्हेंबर, बुधवार

झालं! कपाट मीच करायचं. मामांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं.

साहेबराव गुरुजी अंबडहून आले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथं अभ्यासिका काढलीय, भरतीच्या परीक्षा देणाऱ्या पोरापोरींसाठी. तिला पुस्तकांचं कपाट पाहिजे. सात फूट उंच, सात फळ्या. गुरुजी सगळं बोलत होते ते मामांकडे बघून. साहजिकच आहे. मामा म्हणजे माझे सासरे, रखमाजी सुतार. वडीगोद्रीत या रस्त्याला चाळीस वर्षं त्यांचं दुकान. मी कोपऱ्यात पॉलिशपेपर घासत होते. मामांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, ही करंल.

गुरुजींच्या भुवया वर गेल्या. हसले नाहीत, एवढं बरं.

संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा, कल्याणचा फोन. तो जालन्याला, लोखंडाच्या कारखान्यात, रविवारचा येतो. त्याचं तेच तुणतुणं: मामा थकले, आता गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं देऊ, बायकोनं किती दिवस भुशात बसायचं? मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे कपाट माझ्या बोटाला पास झालं तर दुकान वंदनाचं. पाटीवर तिचं नाव. न्हाई झालं तर दे तुझ्या मोबाईलवाल्याला."

आणि फोन माझ्या हातात दिला! जेवलास का, विचारलं.

दहावीला गणितात एकदा नापास झाले होते. आज तोच दिवस आठवला.


६ नोव्हेंबर, गुरुवार

बोटाचं लिहून ठेवते, म्हणजे भीती जरा कागदावर तरी उतरेल.

मामा काम डोळ्यानं तपासत नाहीत. चष्मा खिशातच. म्हणतात, डोळा फसवतो, बोट न्हाई फसवत. डोळे मिटायचे, उजव्या हाताची तीन बोटं जोडावरून सावकाश फिरवायची. मध्येच थांबायचं. "इथं अर्ध सूत." सुतारकामात इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे सूत. अर्ध सूत म्हणजे दीड मिलिमीटर, नखाएवढं! पट्टी लावून बघावं, तर अर्ध सूतच निघायचं.

लॉकडाऊनमध्ये कामगार गावी गेले, तेव्हा मी फळ्या धरायला म्हणून दुकानात आले. मग घासायला, मग मापाला, मग राऊटर, लाकडात खाचा मारायचा, चालवायला. तो खरं तर कल्याणसाठी आणला होता. त्यानं हातही लावला नाही, मला मात्र त्याचा आवाज पहिल्या दिवसापासून आवडला. त्या वेळी मामांच्या बोटांनी मला किती रडवलंय! प्रत्येक खाचेत अर्ध सूत, पाव सूत. मोरीत जाऊन रडायचे.

पण गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून त्यांनी माझी एकही चूक काढलेली नाही. सव्वा वर्ष! बोट फिरवतात आणि म्हणतात, हं, चालतंय. म्हणजे मला येतं. येतं ना?


८ नोव्हेंबर, शनिवार

एसटीनं अंबडला. मामांनी सांगितलं होतं, फळ्या सहा सुती हैत, सहा सुताची खाच मार, फळी आत बसंल. राऊटरचं जुनं बिट, म्हणजे कापायचं पातं, पार बोथट झालंय, ते लाकूड कापत नाही, भाजतं. नवं घ्यायचं होतं.

परवेजभाईंचं हत्यारांचं दुकान म्हणजे माझी आवडती जागा. साड्यांच्या दुकानात मला इतकं रमता येत नाही. सरळ बिटंच किती! तीन मिलिमीटरपासून अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत, डबीत ओळीनं उभी. परवेजभाई म्हणाले, वहिनी, सरळ बिट दिसतं साधं, पण सगळ्यात जास्त काम तेच करतं आणि सगळ्यात जास्त धोकाही तेच देतं. मग दांडा दाखवला. रुंद पात्याला बारीक दांडा असला की थरथरतं, खाच वाकडी जाते, कधी तुटून उडतंही. म्हणून रुंद पात्याला जाड दांडा. वेग कमी ठेवायचा. एका दमात खोल जायचं नाही, दोन-तीन फेऱ्या मारायच्या. आणि बिट जिकडं फिरतं त्याच्या उलट्या अंगानं मशीन ढकलायचं. त्याच्या बाजूनं ढकललं तर मशीन हातातून पळतं.

मी सगळ्याला माना हलवल्या, हे सगळं मला जन्मापासून माहीत असल्यासारख्या.

सहा सुती द्या, म्हटलं. त्यांनी पाऊण इंची काढलं. डबी बंद करता करता विचारलं, "वहिनी, फळी नापली ना बराबर?" बाहेर वडीगोद्रीची गाडी लागत होती. मी म्हटलं, नापायचं काय त्यात, सहा सूत!

काय ते चकाकतं बिट! येताना गाडीत दोनदा उघडून बघितलं.


९ नोव्हेंबर, रविवार

कल्याण आला. बिट हातात घेऊन म्हणाला, बोटं सांभाळ. एवढंच. पण त्यातही मला टोमणा ऐकू आला.


११ नोव्हेंबर, मंगळवार

मारल्या! चौदाच्या चौदा खाचा. दोन बाजूंना सात-सात.

लाईट दुपारी तीनला जाणार होती, म्हणून सकाळपासून घाई. मामांची शिस्त अशी की आधी उरलेल्या तुकड्यावर एक खाच मारायची, फळी बसवून बघायची, मगच खऱ्या लाकडाला हात लावायचा. तेवढं राहिलं. वेळ कुठं होता? बिटचा दांडा आत पूर्ण घालून मग नखभर मागे घेतला, पाना गच्च आवळला, वेगाचा काटा दोनवर. एका फेरीत एक सूत खोल, अशा तीन फेऱ्या. भुकटी नाही, छान बारीक कपच्या उडत होत्या. म्हणजे धार चांगली. कडा अशा की बोट कापेल.

मामा बाहेर खुर्चीत बसून आवाज ऐकत होते. आवाजावरून कळतं त्यांना. आत आले नाहीत. उद्या फळ्या बसवून बघते. आज मी खूश आहे, लिहून ठेवते. असे दिवस फार येत नाहीत.


१२ नोव्हेंबर, बुधवार

फळी खाचेत घातली आणि हलवली. टकटक वाजली.

दुसरी घातली. तीही टकटक.

मग मोजलं. आता मोजलं! फळ्या प्लायवूडच्या. या प्लायला सगळे सहा सुती म्हणतात, दुकानदारही तसंच देतो. खरी ती अठरा मिलिमीटरची असते, आणि ही भरली साडेसतरा मिलिमीटर. पाऊण इंचाचं बिट आहे एकोणीस. दीड मिलिमीटर ढिली. चौदा ठिकाणी.

अर्ध सूत. नेमकं तेवढंच, जे मामांचं बोट सोडत नाही!

चाळीस वर्षं मामा सहा सूत म्हणत आले, पण तोंडानं सूत म्हटलं तरी हात फळीला फळी लावूनच खाच आखायचे. मी तोंडाचं ऐकलं, हातांचं बघितलंच नाही. आणि तो एक तुकडा आधी कापून बघितला असता तर? मला माझाच राग येऊन राहिलाय. कपाटावर जुनं बेडशीट टाकलं आणि बाहेर येऊन भाजी निवडत बसले. मेथीच्या काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होते, हे सासूबाईंनी, गोजरबाईंनी, दाखवलं तेव्हा कळलं.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माहेरी पिंपळगाव रेणुकाईला द्यायचं सामान घ्यायचंय असं सांगून अंबडला गेले. खोटं बोलायची वेळ आली! परवेजभाईंना म्हटलं, माझ्या ओळखीच्या एकीची खाच ढिली झालीय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या ओळखीच्या एकीची चौकशी केली नाही. भला माणूस.

ते म्हणाले, "देखो वहिनी, बिट के नाप की फळी नहीं मिलती. फळी नापो, बिट उससे छोटा लेव, और दो बार में खाच उतनीच करो जितनी फळी." म्हणजे बारा मिलिमीटरचं बिट. एक कड मारायची, मग फळीच लावून दुसऱ्या कडेची खूण करायची. बिघडलेल्या खाचेत सागाची पट्टी चिकटवून, ठोकून गच्च बसवायची आणि वाळल्यावर परत कापायची. होतं दुरुस्त. निघताना एक सांगितलं: डरके धीरे मत चलाना. हळू चालवलं की बिट एका जागी घासत राहतं, तापतं, लाकूड जाळतं. नवं बिटही.

बारा मिलिमीटरचं घेतलं. पिशवीत तळाला, कोथिंबिरीखाली.

घरी आले तर मामा कपाटाशेजारीच स्टूल टाकून बसलेले! बेडशीटला हात लावला नव्हता. चहा मागितला. मी उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतून पदरात धरून आणला, तरी मला चटका. मामांनी तो नुसत्या बोटांत धरला आणि फुंकर मारत बसले. सुताराचे हात! चाळीस वर्षांचे घट्टे. मी कधी होणार अशी?

मामा तिथं बसलेले असताना पट्ट्या ठोकणार कशी? ठोकल्याचा आवाज झाला की विचारणार, खाचेत काय ठोकून राह्यली? सांगायचं धैर्य नाही. खरंच नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार

मामा दवाखान्यात शुगर तपासायला गेले होते. दोन तास मिळाले. पट्ट्या बसवून, वाळवून, परत कापायला दोन दिवस लागतात.

भुसा आणि फेविकॉल कालवून लांबी, म्हणजे फट बुजवायचा लगदा, केली, फळ्या बसवल्या, फटी भरल्या. वरून घासलं. दिसायला झकास.

हे लिहितानासुद्धा हात आखडतोय. लांबी फट झाकते, वजन धरत नाही, हे मला कळत नाही का?


१६ नोव्हेंबर, रविवार

कल्याण कपाट बघून म्हणाला, वा. त्यानं वा म्हटल्यावर मला रडूच आलं. त्याला वाटलं आनंदानं!


१८ नोव्हेंबर, मंगळवार

गुरुजींचा फोन. कपाटासाठी भिंत रंगवून घेतली म्हणे. पाचशे पुस्तकं गोळा झालीत. कपाटाला पाठ लावून पोरी बसतील, त्या भिंतीची बाजू गार असते, दुपारचा अभ्यास बरा होतो.

पाठ लावून! माझी आकांक्षा पुढच्या वर्षी दहावीला जाईल, तीही अशीच भिंतीला टेकून वाचते. वरच्या फळीवर जाडजूड पुस्तकं ठेवतील. फळी सुटली तर?

काही होणार नाही. लांबी चांगली वाळलीय. हे आज मी स्वतःला निदान वीस वेळा सांगितलं असेल.

मामांनी आज स्क्रूची डबी माझ्याकडूनच उघडून घेतली, स्क्रूही मीच वेचून दिले. हल्ली बारीकसारीक सगळं मला सांगतात. विश्वास टाकत चाललेत. आणि मी!


२० नोव्हेंबर, गुरुवार

काही केलं नाही. रविवारी बोट.


२३ नोव्हेंबर, रविवार

आज झालं.

कल्याण होता, सासूबाई होत्या. मामांनी हात धुतले, पुसले, पूजेला बसावं तसे कपाटासमोर बसले. डोळे मिटले. डावीकडून सुरुवात. पहिली फळी, दुसरी. मी भिंतीशी उभी होते. उजवीकडच्या तिसऱ्या फळीला लांबी वाळून आत बसलीय, तिथं छोटी घळ पडलीय. माझं नख अडकतं तिथं. बोटं तिथं आली. आता थांबणार! आता म्हणणार, इथं अर्ध सूत!

थांबली नाहीत. सरळ पुढं गेली.

चौदाही झाल्या. मामांनी डोळे उघडले. "बराबर हाय. बोटाला काई लागलं न्हाई."

कल्याण हसला, म्हणाला पाटी रंगवायला सांगतो. सासूबाईंनी साखर ठेवली हातावर. मंगळवारी टेम्पो येणार.

आणि मी? मला आनंद झालाच नाही. त्या घळीवरून मामांचं बोट न थांबता जाईलच कसं? म्हणजे त्यांना कळलं. कळूनही त्यांनी कल्याणसमोर माझी चूक पोटात घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं. आता रोज त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ? जेवताना त्यांच्याकडे बघवलं नाही. ते मात्र निवांत जेवले, भाकरी मागून घेतली. माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली.


२४ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पो उद्या. सकाळी राहवेना. मामा देवळात गेलेले बघून नवं बिट लावलं, पट्टीची दुरुस्ती जमते का ते तुकड्यावर बघायला. भीत भीत, हळू हळू. व्हायचं तेच झालं. धूर निघाला, खाच काळी पडली. तापलेलं बिट फडक्यात धरून काढलं आणि बाकावर ठेवलं.

मामा कधी आत आले कळलं नाही. त्यांनी बिट उचललं. नेहमीसारखं तीन बोटांत धरलं, अंगठा धारेवर फिरवला. "धार तर हाय की. मंग जळलं कशानं?"

धरूनच उभे होते!

मी हिसकावलं. माझी बोटं पोळली, बिट खाली पडलं. मामा माझ्याकडे बघतच राहिले. "फेकलं का?" त्यांच्या पेरांवर पांढरे चट्टे उठले होते.

सोळा वर्षांत त्यांच्या पायांना हात लावला, हाताला कधी नाही. आज मनगट धरलं आणि हात बादलीतल्या पाण्यात बुडवला. त्यांनी ओढून घेतला नाही. हळूच म्हणाले, "सालाच्या वर झालं, बोटाला काई कळंना. कल्याणला सांगू नको."

सव्वा वर्ष माझी एक चूक निघाली नव्हती. मला वाटलं होतं, मी शिकले.

गुरुजींना फोन करून टेम्पो नको म्हणून सांगितलं. मग मामांना कपाटापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. बिट, लांबी, सगळं. मामांनी डोळे मिटले नाहीत. खिशातून चष्मा काढून लावला.

"किती ढिली?"

"अर्ध सूत, मामा."

"लय झालं ते," मामा म्हणाले. "सगळ्या फळ्या खोल."